वॉल्टरच्या सहा बंदुकांची पावती

अमेरिकेहून आलेल्या माणसाला लोक तीन प्रश्न विचारतात: थंडी किती होती, नायगारा पाहिला का, आणि काय काय आणलं. थंडी पुष्कळ होती. नायगारा पाहिला, पाणी वरून खाली पडतं आणि बघणाऱ्यांना रेनकोट देतात. आणलं फारसं काही नाही. हे तीन विषय संपले. मला लिहायचं आहे ते पेन्सिल्व्हानियातल्या एका लहानशा नदीकाठच्या गावाबद्दल आणि माझ्या भावाच्या शेजाऱ्याबद्दल. गावाचं नाव देत नाही. भावाला तिथे अजून दवाखाना चालवायचा आहे.

आधी माझ्याबद्दल, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. मी तळकोकणातल्या एका तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून आहे. नोकरी सव्वीस वर्षं, त्यातली अकरा बंदुकीच्या परवान्यांच्या टेबलावर. आमच्याकडे बंदूक असते ती शेतीसंरक्षणासाठी. माकडं नारळ पाडतात, रानडुकरं भात तुडवतात, म्हणून शेतकरी अर्ज करतो आणि कलेक्टरांच्या सहीने त्याला परवाना मिळतो. निवडणूक जाहीर झाली की सगळ्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, पावती घ्यायची, आणि निकाल लागल्यावर पावती दाखवून परत न्यायच्या. यात मला कधी काही विशेष वाटलं नव्हतं.

शेजारी

चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत साठलेली रजा घेऊन मी धाकट्या भावाकडे, श्रीधरकडे गेले. तो डॉक्टर. बायको नलू, मुलगी मीना पंधरा वर्षांची. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा त्या घरातला करार दिसला. गावात मराठी बोलणारं दुसरं घर नाही. हळद संपली तर दोन तास ड्राइव्ह करून स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावी जायचं, आणि तिथेही ती विद्यार्थ्यांच्या आधी पोचलात तर मिळायची.

पहिल्याच रविवारी शेजारच्या वॉल्टर आणि डोरोथीने जेवायला बोलावलं. दोघं सत्तरीच्या आसपास. तो रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला, ती शाळेच्या स्वयंपाकघरातून. आपल्याकडे दिवाणखान्यात काचेचं कपाट असतं आणि त्यात न वापरलेले कप आणि कोंडपल्लीच्या बाहुल्या असतात. वॉल्टरच्या कपाटात सहा बंदुका उभ्या होत्या, पुसूनपुसून चकचकीत केलेल्या. मी भिंतीवर चारी बाजूंनी नजर फिरवली.

"परवाना कुठे लावलाय?" मी विचारलं. माझं इंग्रजी कचेरीतलं आहे. त्यात प्रस्तावना नसते.

"कसला परवाना?"

"बंदुकीचा."

वॉल्टरने श्रीधरकडे पाहिलं आणि श्रीधरने छताकडे. मीना कुजबुजली, "आत्या, प्लीज! यू कान्ट आस्क दॅट!"

"का? मासे धरायला परवाना लागतो म्हणालात. या कुत्र्याच्या गळ्यात तर सरकारी बिल्ला आहे."

"कुत्र्याला लागतो," वॉल्टर शांतपणे म्हणाला. "बंदूक आपणहून चावत नाही."

माणूस मला आवडला. कचेरीत असतं तर त्याचा अर्ज मी आठ दिवस फिरवला असता, पण आवडला.

"तुम्हाला बंदुकांतलं कळतं वाटतं?" त्याने विचारलं.

"कामच आहे माझं. मी कलेक्टरच्या हाताखाली असते."

त्याचा चेहरा उजळला. "गन कलेक्टर?"

"गन, जमीन, सगळंच. आमच्या तालुक्यातली प्रत्येक बंदूक आमच्या रजिस्टरला आहे. चारशेच्या वर. बहुतेक ठासणीच्या."

"डोरोथी! ऐकलंस? यांच्या साहेबांकडे चारशे ठासणीच्या बंदुका आहेत! साहेब स्वतः उडवतात का कधी?"

"छे. हातसुद्धा लावत नाहीत."

"खरा कलेक्टर!" वॉल्टर मान हलवत म्हणाला. "खरा शौकीन उडवत नाही. नुसता बघतो."

मला वाटलं, अमेरिकेत कलेक्टरांना बराच मान दिसतो. घरी परतताना श्रीधर हसून हसून वाकला, तेव्हा कळलं की तिकडे जिल्ह्याला कलेक्टर नसतो. कलेक्टर म्हणजे छंद म्हणून वस्तू जमवणारा माणूस.

"मग तिथेच सांगायचं नाही का?"

"ताई, तीन वर्षांत तो माझ्याशी एवढा बोलला नव्हता. राहू दे."

मी राहू दिलं. ही माझी चूक.

त्यानंतर तीन आठवडे वॉल्टर मला रोज काही ना काही दाखवत असे. सगळ्यांत जुनी बंदूक त्याच्या वडिलांची, दुनळी. दस्त्याला चीर गेली होती आणि वडिलांनी तिथे पितळेची तार गुंडाळली होती. वडील खाणीत कामाला होते, आणि खाण बंद असायची त्या हिवाळ्यांत याच बंदुकीने घरच्या सात माणसांना जेवू घातलं, असं तो सांगे. ती तो कपाटातून दोन्ही हातांनी काढी.

डोरोथी हरणाच्या मांसाचा रस्सा आणून देई. मी मासे खाणारी. हरणापर्यंत माझी मजल गेली नाही. नलू तो डबा कौतुकाने ठेवून घेई आणि श्रीधर संपवी. उलट भेट म्हणून मी सोलकढी दिली. डोरोथीने पेला उजेडात धरून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "पी. पोटदुखीच्या औषधासारखी दिसतेय, पण पी." तो प्यायला. दुसऱ्यांदा मागितली नाही.

मंगळवार

मार्चमध्ये डोंगरावरचा बर्फ वितळत असतानाच तीन दिवस पाऊस लागला. आपल्या पावसापुढे तो पाऊस म्हणजे शिंतोडेच. मी तसं म्हटलंही, आणि नलू म्हणाली, "ताई, इथे शिंतोडेही सिरीयसली घ्यायचे असतात." तिचं बरोबर होतं. वरून पाणी आणि खालून बर्फ, नदी मंगळवारी दुपारी रस्त्यावर आली. भोंगा वाजला. रेडिओवर सांगितलं की नदीकाठच्या तिन्ही रस्त्यांवरच्या लोकांनी हायस्कूलमध्ये जावं, सोबत औषधं आणि पांघरुणं घ्यावीत. आणखी सांगितलं की शाळेत बंदूक आणता येणार नाही, आणि रिकाम्या घरांत चोऱ्या होऊ नयेत म्हणून तिथल्या बंदुकाही शेरीफची माणसं उचलून नेतील.

शेरीफ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मुंबईचे शेरीफ येतात, हार घालून घेणारे आणि प्रदर्शनांची उद्घाटनं करणारे. तिकडचा शेरीफ निवडून येतो आणि त्याच्या माणसांच्या कमरेला पिस्तूल असतं.

श्रीधर इस्पितळात अडकला होता. नलू, मीना आणि मी सामान बांधून बाहेर पडलो. शेजारी पाहतो तर वॉल्टर ओसरीवर खुर्ची टाकून बसलेला. पाच बंदुका गोधडीत गुंडाळून पायाशी, सहावी, वडिलांची, मांडीवर. पाणी खालच्या पायरीवर. डोरोथी कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन, बस चुकलेल्या माणसासारखी शेजारी बसलेली. तिला हृदयाचा विकार होता, श्रीधरचंच औषध चालू होतं. गार पाण्यात तिला चालवत न्यायची वेळ आली असती तर काय झालं असतं, हे मला डॉक्टर नसूनही कळत होतं.

शेरीफचा एक डेप्युटी उंच चाकांचा ट्रक घेऊन उभा होता. पोरसवदा, पण देहाने दोन माणसांचा.

"वॉल्टर, चला. बंदुका ट्रकमध्ये टाका, तुम्ही पुढे बसा."

"मी बसतो. बंदुका माझ्याबरोबर बसतील."

"शाळेत नेता येत नाहीत."

"मग मी शाळेत येत नाही. डोरोथी, तू जा."

"मी कुठेही जात नाही," डोरोथी म्हणाली. "शेहेचाळीस वर्षं या माणसाला सोडून जायची संधी शोधतेय. असली ओली संधी मला नको."

"बंदुका कुठे नेणार?" वॉल्टरने विचारलं.

"अग्निशमन केंद्रात."

"आणि मग?"

"मग बघू."

हे 'मग बघू' ऐकलं आणि माझ्यातली अव्वल कारकून जागी झाली. मी विचारलं, "पावती?"

डेप्युटीने माझ्याकडे पाहिलं. पातळावर भावाचा शिकारी कोट, पायात भाचीचे गुलाबी गमबूट. "काय म्हणालात, मॅडम?"

"बंदूक घेता, तर पावती देता की नाही? तुम्ही ती जप्त करताय की जमा करून घेताय?" जप्त आणि जमा हे मी मराठीतच म्हटलं, कारण इंग्रजीत तो एकच शब्द वापरत होता: घेणार. मग समजावलं. जप्त म्हणजे गेली. जमा म्हणजे तुमचीच, फक्त काही दिवस दुसरीकडे ठेवलेली. दोन्हींत फरक एका कागदाचा.

"मॅडम, तुम्ही कोण?"

"मी भारतात कलेक्टरच्या हाताखाली आहे. दर निवडणुकीला तालुक्यातल्या सगळ्या बंदुका आम्ही जमा करून घेतो."

वॉल्टर खुर्चीतून अर्धा उठला. "घेता? लोकांच्या? तुम्ही तर म्हणालात साहेबांचा संग्रह आहे!"

"तसं मी म्हटलं नाही. तुम्ही समजलात. कलेक्टर म्हणजे सरकारी अधिकारी."

"सरकार!" तो डोरोथीकडे वळला. "तीन आठवडे हिला घरात आणून एकेक बंदूक दाखवली मी! सरकारला!"

"मला ती पहिल्या दिवसापासून सरकारच वाटत होती," डोरोथी म्हणाली. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं.

"आत्या, डू समथिंग," मीना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान मुलीसारखा आला.

"वॉल्टर," मी म्हटलं, "अकरा वर्षांत मी शेकड्यांनी बंदुका जमा झालेल्या पाहिल्यात. सगळ्या परत गेल्या."

"सगळ्या?"

खोटं बोलायची सवय नाही. "एक सोडून. तिचा दस्ता ठाण्यात वाळवीने खाल्ला. नळी परत गेली."

तो माझ्याकडे बघत राहिला. 'सगळ्या' म्हटलं असतं तर तो उठला नसता असं मला आजही वाटतं. "त्या माणसाने काय केलं?"

"पावती घेऊन कलेक्टरांपुढे उभा राहिला. नवा दस्ता करून मिळाला. पावती नसती तर वाळवीवर कोण विश्वास ठेवणार होतं?"

वॉल्टरने मान हलवली. "लिहा."

मी रोजची हकीगत कार्बन लावून लिहीत असे, एक प्रत घरी पाठवायला आणि एक मला. त्यामुळे पिशवीत कागद आणि कार्बन दोन्ही होते. ओसरीच्या कठड्यावर ठेवून इंग्रजीत लिहायला घेतलं. एक: दुनळी, जुनी, नंबर नाही, दस्त्यास चीर, चिरेवर पितळी तार सात वेढे. दोन, तीन, सहापर्यंत. डेप्युटी म्हणाला, "मॅडम, पाणी!" मी म्हटलं, "दिसतंय. वेढे मोजू द्या." वरच्या भागात वॉल्टरची आणि डेप्युटीची सही, साक्षीदार म्हणून माझी. एक प्रत वॉल्टरला, एक डेप्युटीला. मग वॉल्टरने सहाच्या सहा स्वतः ट्रकमध्ये ठेवल्या, तारवाली सगळ्यांत शेवटी, आणि डोरोथीला हात दिला. ट्रक हलला तेव्हा पाणी ओसरीवर होतं.

शाळेत

बास्केटबॉलच्या हॉलमध्ये दोनशे खाटा, आणि गडबड जवळजवळ नाही. आपल्याकडे एवढी माणसं एकत्र आली असती तर तासाभरात चुली पेटल्या असत्या, दोन भांडणं झाली असती आणि एक लग्न ठरलं असतं. इथे सगळे कुजबुजत रांगेत उभे राहून शेंगदाण्याचं लोणी लावलेला पाव घेत होते. डोरोथीने दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेतला, तेव्हा कुठे गरम काही मिळालं.

वॉल्टर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. पावती मात्र शर्टाच्या खिशात होती आणि तो ती तासाला एकदा चाचपून बघे.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. घरं गाळाने भरलेली होती, श्रीधरचं तळघर गेलं, वॉल्टरचं कपाट गेलं. आठवडा गाळ उपसण्यात गेला. मग कळलं की शेरीफची कचेरी बंदुका परत द्यायला मालकीचा पुरावा मागतेय. पुरावा कुठून आणणार? कोणाची आजोबांची, कोणाची सासऱ्याने लग्नात दिलेली. परवाना नावाची गोष्ट नसलेल्या गावात कागद कोणाकडे असणार? गाव तापलं. आणि कोणाकडे तरी कागद आहे ही बातमी पसरली.

संध्याकाळी चार-पाच जण श्रीधरच्या दारात. "आम्हालाही तशी पावती लिहून द्या."

"मागच्या तारखेचा कागद मी करत नाही," मी सांगितलं. "अर्ज करा. बंदुकीचं वर्णन लिहा, ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या. मी सांगते तसं लिहा: मी नम्रपणे विनंती करतो की..."

"नम्रपणे?" त्यांच्याबरोबर आलेला वॉल्टर कोपऱ्यातून गरजला. "विनंती? बंदूक माझी. घेऊन गेले ते. नम्र त्यांनी व्हायचं!"

"हक्क असला तरी अर्ज करावाच लागतो."

"अर्ज करावा लागला तर तो हक्क कसला?"

नलूने चहा आणला म्हणून सुटले. त्या लोकांनी अर्ज लिहिले, पण 'नम्रपणे' एकानेही लिहिलं नाही.

शेरीफची कचेरी

दुसऱ्या दिवशी श्रीधरने वॉल्टरला आणि मला गाडीतून नेलं. डोरोथी गाडीतच बसली. "आत काय व्हायचं ते होऊ दे, मला बाहेर ऐकू येईलच," म्हणाली.

काउंटरमागे माझ्याच वयाची बाई. खांद्यावर स्वेटर, चष्मा साखळीला, समोर टाइपरायटर. समोरच्या माणसाकडे बघायच्या आधी कागद पुरा वाचायची तिची पद्धत बघितली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तिने पावती वाचली. मध्येच थांबली.

"'निकाल जाहीर झाल्यापासून सात दिवसांत परत करण्यात येतील.' कसला निकाल?"

अकरा वर्षांचा हात. पुराच्या पाण्यात उभं राहून निवडणुकीचा मसुदा जसाच्या तसा उतरला होता. दोन सह्या झाल्या, कोणी वाचला नाही.

मी तोंड उघडायच्या आत वॉल्टर म्हणाला, "निकाल लागला. नदी जिंकली. सात दिवस कालच संपले."

बाईने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग हसली आणि आत गेली. एकेक बंदूक घेऊन आली. पाच झाल्या. "एवढ्याच आहेत तुमच्या नावाच्या."

"कागदावर सहा आहेत," वॉल्टर म्हणाला. आवाज हळू झाला होता. वडिलांची नव्हती.

"पाचांनाच तुमच्या नावाची चिठ्ठी बांधलेली होती."

"चिठ्ठीचं सोडा," मी म्हटलं. "एक नंबर वाचा. पितळी तार, सात वेढे."

ती पुन्हा आत गेली. बराच वेळ गेला. वॉल्टरने दोन्ही हात काउंटरवर ठेवले होते आणि तो ते हलवत नव्हता. शेवटी ती धूळ झटकत आली, हातात दुनळी. "बिनचिठ्ठीच्या ढिगात होती. वेढे मोजले. सात."

वॉल्टरने ती दोन्ही हातांनी घेतली. नळ्यांवर गंजाचा तांबूस थर आला होता. त्याने अंगठा फिरवून बघितला.

आता शेवटचं काम. पावतीच्या तळाशी नेहमीच्या दोन ओळी होत्या: वस्तू सुस्थितीत परत मिळाली. माझी काही तक्रार नाही. खाली सही. मी पेन पुढे केलं. आमच्याकडे या टप्प्यावर माणूस सही करतो किंवा अंगठा उठवतो आणि घरी जातो.

वॉल्टरने ओळी वाचल्या. 'सुस्थितीत' खोडलं. मग 'माझी काही तक्रार नाही' ही अख्खी ओळ, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अहो, ती ओळ असतेच," मी म्हटलं. "ती खोडायची नसते."

"का? तक्रार आहे."

मी काउंटरमागच्या बाईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. सव्वीस वर्षांत हजारो सह्या घेतल्या असतील मी त्या ओळीखाली. ती खोडलेली कधी पाहिली नव्हती. खोडता येते हे कोणी मला सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं.

वॉल्टरने कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहायला लागला. गंज. चिठ्ठी. विचारल्याशिवाय नेणं. 'मग बघू'. अक्षर बारीक करत करत तो तळाशी पोचला. बाहेर डोरोथीने हॉर्न वाजवला. बाईने घड्याळाकडे बघितलं, जेवणाची वेळ झाली होती. तरी ती काउंटर बंद करेना.

"जागा संपली," तो म्हणाला.

मी पिशवीतून कोरा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला आणि बसायला खुर्ची ओढून दिली.